आपली डोंबिवली : गाडीची वेळ आणि गावाची वेळ

भगिनींनो, आपल्या मंडळाला यंदा पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. १९७५ हे वर्ष आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जगभर पाळले गेले. त्याच वर्षी आपल्या आळीतील अकरा जणींनी एका ओसरीवर बसून मंडळाची पहिली सभा भरविली. त्या अकरांपैकी आज आम्ही तिघी उरलो आहोत. तेव्हा सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी गावाच्या इतिहासावर चार पाने लिहा, असा आग्रह चिटणीसबाईंनी धरला आणि तो माझ्याने मोडवेना.

लिहावयास बसताना मनात एक प्रश्न होता, तो आधीच सांगून टाकते. गेली काही वर्षे आपल्या मासिक सभेला बाया येत नाहीत. जेथे पस्तीस-चाळीस जणी सतरंजीवर दाटीवाटीने बसत, तेथे आता आठ-दहा जणी खुर्च्यांवर बसतात. मंडळाचा काळ सरला, आता समारंभाने समारोप करून टाकावा, असेही काही जणी बोलून दाखवितात. हे ऐकले की मला वाटते, आपली सभा दुपारी तीन वाजताच का भरते, हे आधी कोणी विचारले आहे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर डोंबिवलीच्या इतिहासात आहे, आणि ते उत्तर सापडले की मंडळाचे पुढे काय करावयाचे तेही सापडेल, असा माझा समज आहे.

आपल्या शेजारचे कल्याण हे फार जुने बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात कल्याणच्या खाडीत झाली. वैद्यकीची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी १८६५ साली जन्मल्या त्याही कल्याणातच. असे थोर शेजारी लाभले, तरी आपले गाव मात्र साधे. पश्चिमेला उल्हास नदीची खाडी, तिच्या कडेने भातखाचरे, आणि पाथर्ली, आयरे, ठाकुर्ली, चोळे, कोपर, मोठागाव अशी लहान लहान गावे. वस्ती मुख्यत्वे आगरी आणि कोळी. भात पिकवावे, खाडीत मासळी धरावी, पावसाळ्यात रानभाजी गोळा करावी आणि बाजार गाठावा, असा त्यांचा क्रम.

ह्या मूळच्या वस्तीविषयी एक गोष्ट आपल्या मंडळाच्या वहीत कोठेही आलेली नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहिते. आगरी समाजात लग्नाच्या वेळी धवले गाण्याची परंपरा आहे, आणि ते गाणाऱ्या वडीलधाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. हळदीपासून पुढच्या विधींपर्यंत ती गाऊन सारे पार पाडते. म्हणजे लग्नविधीत बाईने पुढाकार घ्यावा ही गोष्ट आपण बाहेरून आलेल्यांनी येथे आणली नाही. ती ह्या मातीत आधीपासून होती. आम्ही पांढरपेशा घरांतल्या बायका येथे आलो तेव्हा आम्हांला वाटे की, गावाला सुधारणा शिकवावयास आपण आलो आहोत. आगरी बायका डोक्यावर हारे घेऊन बाजारात बसत, पैशाचा हिशेब तोंडी करीत आणि घरखर्च आपल्या हाती ठेवीत. आम्ही मात्र दहा रुपयांसाठी यजमानांची वाट पाहत असू. तेव्हा कोणी कोणाकडून शिकावयाचे होते, ह्याचा विचार ज्याचा त्याने करावा.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावली. १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत आली. रूळ आपल्या शेतांतून गेले, पण गाडी येथे थांबू लागली ती बऱ्याच वर्षांनी. रुळांनी गावाचे दोन भाग केले. पूर्व आणि पश्चिम हे शब्द तेव्हापासूनचे. आजही पुलाचे काम निघाले की आपली किती पंचाईत होते ते कोपरचा पूल २०१९ पासून दोन वर्षे बंद होता तेव्हा सर्वांनी अनुभवले. पारसिकचा लांब बोगदा १९१६ साली झाला. १९२५ साली मुंबईत विजेची गाडी सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत तारा कल्याणच्या पलीकडे पुणे आणि इगतपुरीपर्यंत गेल्या. ह्या गाड्यांना लागणारी वीज पुरविण्यासाठी ठाकुर्लीला रेल्वेचे वीजघर उभे राहिले. जुनी माणसे त्याला चोळे पॉवर हाऊस म्हणत. ते पुढे बंद पडले, परंतु मुंबईच्या गाड्या एके काळी आपल्या दारच्या विजेवर धावत होत्या, ही गोष्ट नातवंडांना सांगण्यासारखी आहे.

त्या सुमारास थोडी पांढरपेशा वस्ती येथे होऊ लागली होती. मोकळी हवा, स्वस्त जागा आणि मुंबईला जाणारी गाडी एवढ्यावर लोक यावयाचे. गणेश मंदिर संस्थानची स्थापना १९२४ सालची. मंदिर हे नुसते दर्शनाचे ठिकाण राहिले नाही. व्याख्यान, कीर्तन, सभा, मदतकार्य ह्या सर्वांना त्याचा आधार झाला. नव्या वस्तीला जमण्यासाठी एक अंगण लागते, ते ह्या मंदिराने दिले.

खरी दाटी झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. मुंबईत गिरगाव, दादर, परळ येथील चाळी भरून गेल्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूला आधार दिला. पण नव्या बिऱ्हाडाला पागडी भरल्यावाचून खोली मिळेना. लग्न झालेला दुसरा-तिसरा भाऊ, बदली होऊन आलेला कारकून, कोकणातून आणि देशावरून नव्याने आलेला नोकरदार, ह्यांनी मग ठाण्यापलीकडची वाट धरली. मुंबईपासून डोंबिवली अठ्ठेचाळीस किलोमीटर. पासाचे पैसे परवडत आणि भाडेही परवडत असे. पुढे १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा आला. भाड्याच्या चाळींच्या जागी सहकारी सोसायट्या उभ्या राहू लागल्या, आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या खोलीत राहिलेल्या माणसाच्या दारावर स्वतःच्या नावाची पाटी लागली. साठीच्या दशकात औद्योगिक वसाहत सुरू झाली आणि काहींना रोजगार गावातच मिळाला. तरी बहुतेकांचे पोट रुळांच्या त्या टोकालाच बांधलेले राहिले.

मी लग्न होऊन १९६९ साली येथे आले. आमच्या चाळीतले पुरुष सकाळी साडेआठच्या आतली गाडी धरीत आणि रात्री साडेसातच्या पुढे घरी येत. येऊन-जाऊन तीन तास तर प्रवासातच जात. साडेआठनंतर गावात उरत त्या बायका, मुले, म्हातारी माणसे आणि दुकानदार. दिवसभराचे गाव आमचे होते असे म्हटले तर त्यात काही चूक नाही. नळाला पाणी किती वाजता येते, रेशनवर साखर कधी येणार, रॉकेलची गाडी कोठे उभी आहे, कोणत्या शाळेत जागा आहे, कोणाची प्रसूती जवळ आली आहे, ही सारी माहिती आमच्यापाशी असे. नगरपालिकेच्या कागदांवर सह्या पुरुषांच्या होत, पण कचेरीत दुपारी जाऊन उभे राहण्याचे काम बायकांचे. कारण कचेरी उघडी असताना पुरुष दादरला नाहीतर बोरीबंदरला असत.

ही आमच्याच गावाची गोष्ट होती असे नाही. मुंबईच्या साऱ्या उपनगरांत हेच चालले होते. गोरेगावात मृणाल गोरे ह्यांना लोक पाणीवाली बाई म्हणू लागले ते ह्याच कारणाने. १९७२ चा दुष्काळ आणि महागाई ह्यांच्या वेळी त्या आणि अहिल्या रांगणेकर ह्यांच्या पुढाकाराने लाटणी हातात घेऊन बायका रस्त्यावर आल्या. ज्यांना सार्वजनिक कार्याची सवय नाही असे लोक समजत होते, त्या बायका रोज पाण्याच्या रांगेत सार्वजनिक कार्यच करीत होत्या. लाटणी वाजली तेव्हा ते इतरांना ऐकू आले एवढेच.

आपले मंडळ ह्या दुपारांतून जन्मले. जेवणे, भांडी, निवडटिपण आटोपून तीन वाजत. साडेपाचला मुले शाळेतून येत आणि नळाला पाणी येई. मधले दोन तास कोणाचेही नव्हते, म्हणून ते आम्ही आमचे केले. दुपारी तीनची सभा अशी ठरली. ती कोणा पंचांगाने दिली नाही. पुरुषांची गाडी, मुलांची शाळा आणि पाण्याचा नळ ह्यांच्यामधून जी फट उरली तिच्यात ती बसविली. त्या दोन तासांत शिवणाचा वर्ग चालला, बालवाडी निघाली, भिशी लागली, पुस्तकांची पेटी घरोघर फिरली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा भगिनींनाही बोलवावे असा ठराव आपण १९७८ साली केला. त्यावर सभेत चांगलाच वाद झाला, दोघींनी वर्गणी परत मागितली, आणि पुढच्या वर्षी त्या दोघीही आल्या. मला विचाराल तर मंडळाने केलेले सर्वांत मोठे काम तेच.

बाहेर गावही वाढत होते. आपल्या माणसांचे पैसे आपल्याच माणसांच्या उपयोगी पडावेत म्हणून १९७० साली डोंबिवली नागरी सहकारी बँक निघाली. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण-डोंबिवली महानगरपालिका अस्तित्वात आली. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे ह्यांच्यासारखे लेखक येथे राहिले. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुण मुलामुलींनी नवे कपडे घालून जमण्याची प्रथा पडली. १९९९ च्या गुढीपाडव्याला गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने नववर्ष स्वागतयात्रा निघाली, आणि पाहता पाहता ती पद्धत गावोगाव गेली. नऊवारी नेसून स्वतःच्या स्कूटरवर बसलेल्या मुली पहिल्यांदा यात्रेत दिसल्या तेव्हा आमच्या पिढीचा ऊर भरून आला. २०१७ च्या फेब्रुवारीत नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले. ह्या सर्व ठिकाणी रांगोळी, स्वयंपाक, पाहुण्यांची सोय आणि पाठीमागची धावपळ कोणी केली, हे आपणांस सांगावयास नको.

मात्र ह्याच काळात दुसरी एक गोष्ट हळूहळू घडत होती. आधी शिक्षिका आणि परिचारिका, मग टंकलेखिका, टेलिफोन ऑपरेटर, बँकेतल्या मुली, पुढे संगणकावर काम करणाऱ्या. एकेक करून आपल्या लेकीसुना गाडीत चढल्या. १९९२ च्या मे महिन्यात पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी खास महिलांसाठी लोकल सोडली, आणि त्याच वर्षी जुलैत मध्य रेल्वेवर मुंबई ते कल्याण महिला लोकल सुरू झाली. रेल्वेसारख्या खात्याने आख्खी गाडी द्यावी इतक्या बायका कामाला जाऊ लागल्या होत्या. माझी सून वीस वर्षे ह्या मार्गाने जाते. ती सांगते की तिच्या डब्यात भाजी निवडली जाते, डोहाळजेवण होते, नवरात्रात आरती होते, दसऱ्याला डबा सजविला जातो, एखादी चार दिवस दिसली नाही तर फोन जातो, आणि अडल्यानडल्याला पैसेही उभे राहतात. हे ऐकताना मला आपल्या दुपारच्या सतरंजीची आठवण होते. ज्याला आपण मंडळ म्हणतो तेच तेथे चालले आहे. फक्त त्याला वही नाही, चिटणीस नाही आणि बसावयास जागा नाही.

लेकीसुना बाहेर पडल्या, तेव्हा त्यांचे घरातले काम कोणी उचलले? डोंबिवलीची पोळीभाजी केंद्रे प्रसिद्ध आहेत. संध्याकाळी स्टेशनातून उतरलेली बाई निवडलेली, चिरलेली भाजी आणि गरम पोळ्या घेऊन घरी जाते. ह्या पोळ्या लाटणाऱ्या बायका कोण, त्यांच्या मुलांकडे कोण पाहते, हे आपण क्वचितच विचारतो. त्या गावाच्या कडेच्या वस्त्यांतून येतात, कित्येकींची भाषाही वेगळी असते. दिवसा गावात राहणाऱ्या बायका आजही आहेत. त्या आपल्या सभेत नाहीत, इतकेच.

आता मी मूळ प्रश्नाकडे येते. दिवसाच्या गावाला माहितीची माणसे लागतात, ह्याचे प्रत्यंतर अलीकडे आपल्याला फार कठोरपणे आले आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात गाड्या थांबल्या, माणसे रूळ तुडवीत रात्रभर चालत घरी आली, आणि इकडे वस्त्यांत पाणी शिरले. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ ह्या दोन्ही दिवशी औद्योगिक वसाहतीत भीषण स्फोट झाले, माणसे दगावली, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. दोन्ही स्फोट दिवसाउजेडी झाले. नोकरीची माणसे मुंबईत होती. दुसऱ्या स्फोटाच्या वेळी आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजीबाई एकट्या, काचांच्या ढिगाऱ्यात, उघड्या दाराशी बसून होत्या. मुलगा परदेशी, सून परदेशी. त्या तेथे आहेत हे ठाऊक असलेली दोनच माणसे निघाली. एक मी आणि एक त्यांच्याकडे पोळ्या करणारी बाई. ती बाई माझ्या आधी पोचली होती. पूर्वी अशा वेळी चाळीतल्या चाळीस घरांना ते ठाऊक असते. मी त्या रात्री झोपले नाही, ते स्फोटाच्या आवाजाने नव्हे.

२०२० साली टाळेबंदीत लोकल बंद झाल्या आणि गाव पुन्हा दिवसा भरून गेले. पन्नास वर्षांत प्रथमच लोकांनी आपले शेजारी दुपारी पाहिले. औषधे आणून देणे, डबे पोचविणे, चौकशी करणे हे सारे पुन्हा सुरू झाले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरपासून महिलांना ठरावीक वेळांत लोकलने जाण्याची मुभा मिळाली, पुढे सर्वांनाच मिळाली, आणि दुपारचे जिने पुन्हा शांत झाले. पण त्या सात महिन्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. शेजारधर्म आटलेला नाही, त्याला वेळ मिळत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. मंडळाचा काळ सरलेला नाही. मंडळाची वेळ सरली आहे. आमच्या पिढीने गाडीकडे पाहून सभेची वेळ ठरविली. आता गाडीत आमच्या सुना आहेत, तर त्यांच्या गाडीकडे पाहून वेळ ठरवावी. येत्या वार्षिक सभेत मी तीन सूचना मांडणार आहे. पहिली, मासिक सभा दुपारी तीनऐवजी रविवारी सकाळी दहाला भरवावी, आणि घरातल्या पुरुषांनी त्या दिवशीचा चहा-नाश्ता करावा. गाडी सुटण्याची भीती नसल्यामुळे त्यांना ते जमेल. दुसरी, आम्ही ज्या दिवसा घरी असतो त्या वयस्क बायकांनी आळीतल्या एकट्या राहणाऱ्या माणसांची एक वही करावी. कोण कोठे राहते, किल्ली कोणाकडे, औषध कोणते, फोन कोणाला करावयाचा. पोळीभाजी केंद्रांतल्या आणि घरकाम करणाऱ्या भगिनींना वर्गणी न घेता सभासद करून ह्या कामात घ्यावे. त्यांना कोणत्या दारामागे कोण आहे हे आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. तिसरी, मूळच्या गावांतल्या आगरी भगिनींकडे जाऊन धवले आणि जुन्या गावाच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्याव्यात. त्या गाणाऱ्या आजीबाई आमच्याहूनही वयाने मोठ्या आहेत. हे काम पुढच्या सुवर्णमहोत्सवाची वाट पाहणार नाही.

कोणा राजाने किंवा कारखानदाराने आखून दिलेले हे गाव नव्हे. भाड्याची खोली शोधत आलेल्या माणसांनी आणि त्यांच्या मागे दिवसभर गाव सांभाळणाऱ्या बायकांनी ते जमेल तसे उभे केले. मंदिर, शाळा, वाचनालय, बँक, सोसायटी, मंडळ. प्रत्येकाच्या मुळाशी कोणीतरी शेजाऱ्याचे दार ठोठावलेले आहे. दार ठोठावणे ह्याला पैसा लागत नाही आणि शिक्षणही लागत नाही. फक्त आत कोणी आहे हे ठाऊक असावे लागते.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने सर्व भगिनींना माझ्या शुभेच्छा. वार्षिक सभेला येताना सूनबाईंना बरोबर आणा, आणि माझ्या तिन्ही सूचना पसंत पडल्या तर अनुमोदनाला हात वर करा. पसंत न पडल्या तर भांडा; पण सभेला या.